आठवड्याची गोळी, लस आणि डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

रुमेटॉइड आर्थरायटिस, म्हणजे ज्याला आपल्याकडे आमवात किंवा नुसतेच संधिवात म्हणतात, त्याच्या बहुतेक रुग्णांच्या औषधांच्या डब्यात दोन गोळ्या शेजारी शेजारी असतात. एक पिवळसर, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट. दुसरी फॉलिक ॲसिड, जी मेथोट्रेक्सेटच्या दिवशी सहसा घेत नाहीत. पहिली गोळी शरीरातल्या फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणते, आणि दुसरी तर साक्षात फॉलिक ॲसिडच. मग एका हाताने काढून दुसऱ्या हाताने द्यायचे, हा काय प्रकार, असे रुग्ण विचारतात आणि ते बरोबरच आहे. त्याच्या मागोमाग येणारा प्रश्न असतो लसीचा: प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असताना लस घ्यावी का, घेतली तर लागू पडेल का, आणि त्यासाठी गोळी बंद करावी लागेल का.

या प्रश्नांची उत्तरे थेट देता येतात, आणि ती खाली दिली आहेत. पण या दोन्ही गोळ्या एकाच प्रयोगशाळेतून, एकाच माणसाच्या देखरेखीखाली निघाल्या हे फार थोड्यांना माहीत असते. तो माणूस आपल्याच देशातला होता. त्यांची गोष्ट कळली की मेथोट्रेक्सेट शरीरात काय करते हे आपोआप कळते, आणि ते कळले की लसीचे गणित समजायला सोपे जाते.

भीमावरम ते बोस्टन

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमावरम येथे झाला. हे गाव आज आंध्र प्रदेशच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात आहे, तेव्हा मद्रास प्रांतात होते. वडील जगन्नाथम सरकारी नोकरीत होते, पण आजारपणामुळे ती लवकर सुटली आणि घरात ओढाताण सुरू झाली. मुलाचे अभ्यासात लक्ष नव्हते. तेराव्या वर्षाच्या आसपास तो घरातून पळाला, काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकून पैसे मिळवायचे या बेताने. वाटेतच त्याला गाठून परत आणले गेले. मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला आणि तिसऱ्या खेपेला मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून पास झाला. त्याची आई वेंकम्मा खमकी होती. नवरा गेल्यावरही तिने मुलाचे शिक्षण सुटू दिले नाही. पुढे कॉलेजात असताना मुलाच्या मनात रामकृष्ण मठात जाऊन संन्यास घ्यायचे आले, तेव्हाही तिनेच आडकाठी घातली. मठातल्या मंडळींनीही त्याला आधी डॉक्टर व्हायला सांगितले. सासऱ्यांनी शिक्षणाच्या खर्चाला हातभार लावला आणि सुब्बाराव मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

गांधीजींच्या चळवळीचे दिवस होते. सुब्बाराव खादी घालू लागले आणि शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या इंग्रज प्राध्यापकांची त्यांच्यावर मर्जी खप्पा झाली. बाकीचे विषय चांगले असूनही त्यांना एमबीबीएसऐवजी त्याहून कमी दर्जाची एलएमएस ही पदवी मिळाली. खादीच्या एका सदऱ्याने त्यांचे पुढचे आयुष्य वळवले असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही, कारण सरकारी वैद्यकीय सेवेचा रस्ता बंद झाला आणि ते मद्रासच्या आयुर्वेदिक कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

पण त्यांना खरा चटका बसला तो घरातल्या मृत्यूंचा. त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने स्प्रू या रोगाने गेले. स्प्रूमध्ये लहान आतड्याचे अस्तर खराब होते, अन्नातली पोषणद्रव्ये शोषली जात नाहीत, जुलाब थांबत नाहीत, तोंड येते, वजन उतरते आणि रक्त कमी होत जाते. त्या काळी याचे कारणही नीट ठाऊक नव्हते, उपाय तर दूरच. सुब्बारावांना स्वतःलाही या रोगाने गाठले होते. आयुर्वेदाचे वैद्य डॉ. अचंता लक्ष्मीपती यांच्या उपचारांनी ते बरे झाले. भाऊ गेले आणि आपण उरलो, ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही.

देणग्या आणि सासऱ्यांची मदत गोळा करून १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बोटीने निघाले आणि बोस्टनला उतरले. पत्नी शेषगिरी मागेच राहिली. काही वर्षांत परत यायचे ठरले होते, पण ते कधीच आले नाहीत. मागे मुलगा जन्मला आणि तान्हेपणीच गेला. बापाने त्याचे तोंडही पाहिले नाही. थोरांच्या चरित्रात अशा गोष्टी एका ओळीत उरकायची आपल्याकडे पद्धत आहे. मीही तेच करतो आहे, पण ती ओळ वाचताना जरा थांबावे. त्या बाईने पंचवीसएक वर्षे वाट पाहिली.

रक्तातला फॉस्फरस आणि एटीपी

हार्वर्डमध्ये त्यांनी उष्णकटिबंधातील रोगांची पदविका घेतली. शिष्यवृत्ती नव्हती, म्हणून पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला वॉर्डबॉयचे काम धरले. रुग्णांचे बेडपॅन साफ करायचे आणि दिवसा प्रयोगशाळेत जायचे. या हॉस्पिटलचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

सायरस फिस्क यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात त्यांनी रक्तातला आणि लघवीतला फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. ती १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि फिस्क-सुब्बाराव पद्धत म्हणून जगभरच्या लॅबमध्ये पोहोचली. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी हे नाव पाठ केले, पण यातला सुब्बाराव कोण हे विचारायचे त्यांना सुचले नाही. मी त्यातलाच एक.

या पद्धतीच्या जोरावर दोघांनी स्नायूंमधला फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थ १९२७ मध्ये दाखवून दिला. १९२९ मध्ये त्यांनी एटीपी, म्हणजे ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट, वेगळे काढले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले. एटीपी हे आपल्या पेशींचे रोजच्या खर्चाचे नाणे आहे. बोट हलवायचे असो की विचार करायचा, ते खर्च होते. त्यातला ॲडिनोसिन हा शब्दही लक्षात असू द्या.

१९३० मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. एवढे काम करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. विभागातही सगळे गोड नव्हते. त्यांचे काही संशोधन फिस्क यांच्या नाराजीमुळे प्रकाशातच आले नाही, असे त्याच विभागात शिकलेल्या जॉर्ज हिचिंग्ज यांनी पुढे नमूद केले आहे. हे हिचिंग्ज म्हणजे नंतर गर्ट्रूड एलियन यांच्यासोबत ॲझाथायोप्रिन हे औषध आणणारे आणि १९८८ मध्ये नोबेल मिळवणारे. ॲझाथायोप्रिनही आज काही संधिवाताच्या रुग्णांना दिले जाते. प्रतिकारशक्ती आवरणारी दोन मोठी औषधे, आणि त्यांच्यामागचे दोन माणसे एकेकाळी एकाच दालनात वावरत होते.

मुंबईतले मार्माइट आणि लेडर्लेची प्रयोगशाळा

आता थोडे मुंबईकडे वळायला हवे. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या गरोदर बायकांना एक विचित्र पांडुरोग होत असे. त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. लोह देऊन तो बरा होत नसे आणि अनेक बायका त्यात दगावत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्स यांनी उंदीर आणि माकडांवर वेगवेगळे आहार देऊन पाहिले. शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे पावाला लावायचे मार्माइट, कामाला आला. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे ते कोणालाच माहीत नव्हते. बरीच वर्षे त्याला विल्स फॅक्टर म्हणत. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तसाच एक पदार्थ काढला गेला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले.

१९४० मध्ये सुब्बाराव हार्वर्ड सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर येथे लेडर्ले लॅबोरेटरीज या औषध कंपनीत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. यकृताच्या अर्कातून पांडुरोगावरचा गुणकारी भाग वेगळा काढायचा ध्यास त्यांना हार्वर्डपासूनच होता. पालकातून किंवा यकृतातून फॉलिक ॲसिड काढायचे म्हणजे टनावारी माल घेऊन चिमूटभर पदार्थ हाती लागणे. रुग्णाला द्यायचे तर ते कारखान्यात बनवता यायला हवे. त्यांच्या गटाने त्याची रचना उलगडली आणि १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार केल्याचे जाहीर केले. लगेच त्याचा वापर मोठ्या पेशींच्या पांडुरोगात आणि स्प्रूमध्ये सुरू झाला. स्प्रूच्या रुग्णांचे तोंड बरे होऊ लागले, रक्त वाढू लागले. ज्या रोगाने भाऊ गेले त्यावरची गोळी सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत तयार झाली. आज गरोदरपणात देशभर जी फॉलिक ॲसिडची गोळी वाटली जाते, ती हीच.

त्यांच्या हाताखाली आणखी बरेच काही झाले. हत्तीपायाच्या रोगावरचे डायइथाइलकार्बामाझिन १९४७ मध्ये आले. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागांतल्या वाचकांनी आरोग्य कर्मचाऱ्यांसमोर उभे राहून डीईसीच्या ज्या गोळ्या गिळल्या आहेत, त्या याच. बेंजामिन डुगर यांनी मातीतल्या जंतूपासून मिळवलेले ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातले पहिले प्रतिजैविकही त्यांच्याच कारकिर्दीतले, १९४८ मध्ये जाहीर झालेले.

उलटे काम करणारा भाऊबंद

बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात सिडनी फार्बर हे डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाच्या, म्हणजे ल्युकेमियाच्या, लहान मुलांवर उपचार शोधत होते. तेव्हा या रोगाचे निदान म्हणजे काही आठवड्यांची मुदत. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारते, तर इथेही देऊन पाहावे, असे त्यांना वाटले. लेडर्लेने पदार्थ पुरवले. पण मुलांचा आजार उलट जोर धरतो आहे असे फार्बरना दिसले.

हे अपयश फार बोलके होते. पेशी दुभंगून दोन व्हायची तर तिला आधी आपल्या डीएनएची नक्कल काढावी लागते, आणि त्या कामाला फॉलिक ॲसिड लागते. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभंगतात, म्हणून त्यांना ते जास्त हवे असते. मग फॉलिक ॲसिडसारखाच दिसणारा, पण काम न करणारा रेणू दिला तर? कुलपात तंतोतंत बसणारी पण न फिरणारी किल्ली घातल्यासारखे. सुब्बारावांच्या गटाने असे रेणू आधीच बनवायला घेतले होते. त्यातला अमायनोप्टेरिन फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस वापरायला सुरुवात केली. जून १९४८ मध्ये त्यांनी लिहिले की १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, महिन्यांची होती, पण औषधाने ल्युकेमिया मागे हटल्याचे असे चित्र पूर्वी कोणी पाहिले नव्हते. अमायनोप्टेरिनचाच जरा सौम्य, वापरायला सोपा भाऊबंद म्हणजे अमेथोप्टेरिन. त्यालाच आज मेथोट्रेक्सेट म्हणतात.

फार्बर यांचा तो लेख आल्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय ५३. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी घेतले नव्हते. भारत स्वतंत्र होऊन वर्ष होत आले होते, आणि तो स्वतंत्र भारत त्यांनी पाहिला नाही. एका बुरशीला त्यांचे नाव मिळाले, १९९५ मध्ये जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघाले. संधिवातावर आपले औषध चालते हे त्यांना कधीच कळले नाही.

सांध्यांपर्यंतचा लांबचा रस्ता

१९५१ मध्ये काही अमेरिकन डॉक्टरांनी अमायनोप्टेरिन संधिवात आणि सोरायसिसच्या थोड्या रुग्णांना देऊन पाहिले. गुण आला. पण त्याच सुमारास कॉर्टिझोनचा, म्हणजे स्टेरॉइडचा, गाजावाजा सुरू होता. खाटेला खिळलेले रुग्ण दोन दिवसांत उठून चालू लागत होते. त्यापुढे कर्करोगाचे विषारी औषध सांधेदुखीला कोण देणार? स्टेरॉइडचे दुष्परिणाम उघडे पडायला वेळ लागला, आणि तोवर ही वाट विसरली गेली. १९७२ मध्ये सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत मान्यता मिळाली. संधिवातासाठी नीट आखलेल्या चाचण्या १९८०च्या दशकात झाल्या. त्यातली एक महत्त्वाची चाचणी १९८५ मध्ये बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. पीटर बेंट ब्रिगहॅम इतर दोन रुग्णालयांत विलीन होऊन १९८० मध्ये हे हॉस्पिटल झाले होते. जिथे सुब्बाराव रात्री बेडपॅन धूत होते, तिथेच. १९८८ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी मान्यता मिळाली, आणि आज जगभर या रोगात बहुधा पहिले औषध म्हणून तेच सुरू केले जाते.

रुग्णांच्या मनातली एक भीती इथेच काढून टाकतो. इंटरनेटवर नाव शोधले की कर्करोगाचे औषध असे दिसते आणि घरचे लोक घाबरून गोळी बंद करतात. कर्करोगात हेच औषध फार मोठ्या मात्रेत देतात. संधिवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम असते. इतक्या कमी मात्रेत ते पेशी मारण्यापेक्षा सूज शांत करण्याचे काम जास्त करते, आणि हे काम बरेचसे ॲडिनोसिनमार्फत होते असे आज मानले जाते. हाच तो एटीपीमधला ॲडिनोसिन. म्हणूनच वरून फॉलिक ॲसिड दिले तरी सांध्यांवरचा गुण फारसा कमी होत नाही. तोंड येणे, मळमळ, यकृतावरचा ताण मात्र कमी होतो. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच.

मात्र गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्यामुळे रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरून माणसे दगावली आहेत. घरातल्या कॅलेंडरवर वार लिहून ठेवा.

मग लसीचे काय?

लस टोचली की दंडाजवळच्या, काखेतल्या गाठींमध्ये काही मोजक्या पेशी तिला ओळखतात आणि भराभर वाढू लागतात. एकीच्या हजारो होतात. त्यातूनच प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार होतात. या वाढीचा मुख्य जोर लस घेतल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत असतो. भराभर वाढणाऱ्या पेशींचा वेग कमी करणे हेच तर मेथोट्रेक्सेटच्या जन्माचे कारण. म्हणून लस फुकट जात नाही, पण तिचा परिणाम काहीसा मंदावतो.

यावर उपाय निघू शकतो का हे दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी तपासले. संधिवाताच्या रुग्णांना फ्लूची लस दिल्यावर एका गटाने मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवले, दुसऱ्याने चालू ठेवले. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के आणि चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्के रुग्णांत समाधानकारक प्रतिसाद दिसला. कोविडच्या बूस्टरबाबत ब्रिटनमध्ये असाच प्रयोग झाला, तेव्हा दोन आठवडे गोळी न घेणाऱ्यांच्या अँटीबॉडी साधारण दुप्पट भरल्या. पण फुकट काही मिळत नाही. थांबवलेल्यांत सांधेदुखी उसळण्याचे प्रमाणही जास्त होते.

म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना फ्लूच्या लसीपुरतेच सांगतात की आजार आटोक्यात असेल तर लसीनंतर दोन आठवडे, म्हणजे दोन मात्रा, मेथोट्रेक्सेट थांबवता येईल. लसीच्या आधी थांबवायची गरज नाही. इतर निर्जीव लसींसाठी गोळी चालूच ठेवायची. आणि सांधे सुजलेले असतील, किंवा डॉक्टरांची भेट लगेच होणार नसेल, तर थांबवण्याच्या भानगडीत न पडता लस घेऊन टाकलेली बरी. थोडा मंद प्रतिसाद हा शून्य प्रतिसादापेक्षा कितीतरी चांगला. स्वतःच्या मनाने गोळी बंद करून महिनाभर ती पुन्हा सुरूच न करणारे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. त्यांचे सांधे त्याची किंमत मोजतात.

लसींमधला खरा फरक जिवंत आणि निर्जीव असा आहे. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगचे जंतू मारून लस बनवली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्याच नावाची संस्था परळला आहे, जिथे लुसी विल्स यांनी काम केले. मेलेले जंतू किंवा त्यांचे तुकडे असलेली लस प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसालाही रोग देऊ शकत नाही. टोचायची फ्लूची लस, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी, धनुर्वाताची आणि रेबीजची लस या सगळ्या याच वर्गातल्या. नागीण, म्हणजे हर्पिस झोस्टरची नवी दोन डोसची लसही जिवंत नाही, आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण या गोळ्यांनी नागिणीचा धोका वाढतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून त्याची लस एप्रिल-मेच्या सुमारास घेतलेली चांगली.

गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पिवळा ताप, नाकात सोडायची फ्लूची लस, तोंडावाटे द्यायची पोलिओ आणि टायफॉइडची लस या मात्र जिवंत. त्यातले जंतू दुबळे केलेले असतात, मेलेले नसतात. ही औषधे चालू असताना त्या सहसा देत नाहीत. आफ्रिकेतल्या ज्या देशांत पिवळ्या तापाचे प्रमाणपत्र मागतात, तिथे जायचे असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा. लस देता येत नसल्याचे वैद्यकीय पत्र मिळू शकते, पण तिथल्या तापापासून ते पत्र वाचवत नाही.

रिटुक्सिमॅबची गोष्ट वेगळी आहे. हे इंजेक्शन अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींची मूळ फौजच काही महिन्यांसाठी रिकामी करते. त्यामुळे फ्लूची लस हंगामात आली की घ्यावी, पण बाकीच्या लसी पुढच्या इंजेक्शनची वेळ जवळ आली असताना घ्याव्यात आणि लसीनंतर किमान दोन आठवडे इंजेक्शन पुढे ढकलावे. स्टेरॉइडचा रोजचा डोस २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर फ्लू सोडून इतर लसी डोस उतरेपर्यंत थांबवता येतात. ही औषधे सुरू होण्यापूर्वीच हिपॅटायटिस बीची तपासणी आणि शक्य त्या लसी उरकून घेणे सगळ्यात सोयीचे, पण दुखण्याने हैराण झालेला माणूस आधी गोळी मागतो, आणि त्याला थांबवून ठेवणेही बरोबर नाही.

घरात नातवंड असेल तर त्याच्या लसी वेळेवर होऊ द्या. त्याचे संरक्षण म्हणजे तुमचेही संरक्षण. पोलिओचे थेंब किंवा रोटाव्हायरसची लस दिल्यावर काही आठवडे बाळाचे लंगोट शक्यतो दुसऱ्या कोणीतरी बदलावे, आणि बदललेच तर साबणाने हात धुवावेत.

कुत्रा चावला तर मात्र कोणताही विचार करत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. तिथे मेथोट्रेक्सेट, रिटुक्सिमॅब किंवा स्टेरॉइड चालू असल्याचे न विसरता सांगा. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णाला रक्त न निघालेल्या किरकोळ ओरखड्यालाही लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, आणि हे तुम्ही सांगितल्याशिवाय केसपेपर लिहिणाऱ्याला कळणार नाही. गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन गेलात तर उत्तम.